टाकी न लागलेले देव

डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या वारली पाड्यांची शीव तलाठ्याच्या नकाशात कुठेही असो, गावकऱ्यांच्या लेखी ती बहुधा वाघदेवापाशी संपते. जुन्या झाडाच्या बुंध्याशी रोवलेला एक उभा दगड किंवा सागाची फळी, वर चंद्र-सूर्य, खाली वाघ, कुठे सोबत नाग. कित्येक ठिकाणी तेवढेही कोरलेले नसते. दगडाला शेंदूर असतो, पुढ्यात फुटलेल्या नारळाच्या करवंट्या आणि मागच्या खेपेच्या कोंबड्याची चिकटलेली दोन-चार पिसे. छप्पर नाही, घंटा नाही, दानपेटी नाही. वाटसरूला तिथे देव आहे हे शेंदरावरूनच कळते. वाघोबा, वाघ्या, वाघदेव अशी नावे बोलणाऱ्याप्रमाणे बदलतात. डहाणू शहरातल्या मसोलीसारख्या वस्तीतून पूर्वेला निघाले की रेल्वेचे रूळ ओलांडल्यावर हळूहळू चिकूच्या वाड्या मागे पडतात, चढाची जमीन लागते आणि असे दगड दिसू लागतात. अर्थात दिसण्यासाठी गाडीचा वेग कमी असावा लागतो.

‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ ही म्हण मराठी शाळांतून इतकी घोटली गेली आहे की तिची उलट बाजू कुणी तपासत नाही. महाराष्ट्रातल्या देवांची शिरगणती केली तर टाकीचा एकही घाव न सोसलेले देव संख्येने कदाचित जास्त भरतील. अशा अनघड, वाटोळ्या दगडाला ‘तांदळा’ असा स्वतंत्र शब्दच भाषेत आहे. गावोगावच्या मरीआई, म्हसोबा, वेताळ, साती आसरा हे बहुतेक तांदळेच. नर्मदेचा बाण आणि गंडकीचा शाळिग्राम तर सोवळ्यातल्या देव्हाऱ्यात बसतात, आणि त्यांची महती हीच की त्यांना माणसाने घडवलेले नाही. त्यांना प्राणप्रतिष्ठाही लागत नाही असे शास्त्री सांगतात. तेव्हा म्हण माणसांपुरती खरी असेल. देवांबाबत तिचा आधार कच्चा आहे.

या दगडांकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक टवाळीची: अडाणी लोक दगडाला देव मानतात. दुसरी सहानुभूतीची: दगड हे प्रतीक आहे, खरी भक्ती त्यामागच्या निसर्गशक्तीची. दुसरी रीत सुसंस्कृत वाटते आणि पाठ्यपुस्तकांत तीच असते. पण दोन्ही रीती एकाच गृहीतावर उभ्या आहेत: दगड हा मुळात निर्जीव पदार्थ, त्याला काहीतरी ‘मानले’ जाते. पहिला म्हणतो चुकून मानले, दुसरा म्हणतो समजून-उमजून मानले. दगडापाशी प्रत्यक्षात जे केले जाते त्याकडे नीट पाहिले तर मानण्याचा भाग फार थोडा सापडतो आणि देण्या-घेण्याचा फार मोठा. वाघदेव ही आधी व्यवहारातली एक बाजू आहे. त्याचे काहीतरी देणे लागते, त्याच्याकडून काहीतरी येणे असते. हा मुद्दा पटायला जगातल्या एका फार दूरच्या प्रदेशाची मदत होते, कारण तिथे असेच दगड एका बलाढ्य साम्राज्याच्या केंद्रस्थानी होते.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात पंधराव्या-सोळाव्या शतकांत इंकांचे राज्य होते. पाथरवटाच्या कामात त्यांचा हात धरणारे जगात थोडेच. कुस्कोजवळच्या साकसायवामानच्या तटात शंभर टनांवरचे चिरे चुन्याशिवाय एकमेकांत असे बसवले आहेत की सांध्यात सुरीचे पाते जात नाही. आणि याच लोकांनी आपल्या सर्वांत पवित्र शिळांना अनेकदा टाकी लावली नाही. शिळा होती तशी ठेवायची, भोवती घडीव चिऱ्यांची चौकट बांधायची, फार तर एखादा कट्टा किंवा पायरी कोरायची. माचू पिचूच्या उत्तर टोकाला एक मोठी उभी शिळा आहे. तिची कड मागच्या डोंगराच्या कडेशी जुळते. आधी डोंगर, मग त्याच्याशी नाते सांगणारी शिळा, मग शिळेला मान देणारे बांधकाम, असा तिथला क्रम आहे. घडवता येत नव्हते म्हणून अनघड दगड पुजले गेले, हे स्पष्टीकरण इंकांच्या बाबतीत उभेच राहत नाही. वारल्यांच्या बाबतीतही ते लंगडेच आहे. लग्नाच्या चौकात पालघट रेखणारा, वाघाच्या फळीवर नाग कोरणारा हात आकृतीला अनोळखी नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा म्हशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच परंपरेतून आलेल्या चित्रांसाठी. चित्रे जगभर गेली, दगड शिवेवरच राहिले. दगड विकत घ्यायला कोणी येत नाही, हे दगडाचे नशीबच म्हणायचे.

इंकांच्या केचुआ भाषेत पवित्र वस्तूला ‘वाका’ म्हणत. शिळा, झरा, डोंगर, खिंड, पूर्वजाचे जतन केलेले प्रेत, जुळे मूल, यांतले काहीही वाका असू शके. बर्नाबे कोबो या जेझुइट पाद्र्याने सतराव्या शतकात कुस्कोभोवतीच्या वाकांची जुन्या कागदांवरून उतरवलेली यादी उपलब्ध आहे. सूर्यमंदिरापासून चहूकडे जाणाऱ्या एक्केचाळीस कल्पित रेषांवर तीनशेहून अधिक स्थाने, आणि प्रत्येक रेषेवरच्या स्थानांचे मानपान कोणत्या कुळाने सांभाळायचे ते ठरलेले. यादीत सर्वांत जास्त भरणा झऱ्यांचा आणि शिळांचा. कोकणातल्या कुठल्याही गावऱ्हाटीत वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटणार नाही. देव कुठले, क्रम कसा, कोणाचा मान पहिला, कोणत्या घराण्याने कोणती सेवा द्यायची, यावर तिथे पिढ्यान्‌पिढ्या भांडणे चालतात. कुस्कोत भांडणे होत नव्हती असे मानायला काही कारण नाही.

वाका ही व्यक्ती होती. तिला मक्याची दारू पाजत, लोकरीची वस्त्रे नेसवत, कोकाची पाने देत, प्रश्न विचारत. कुस्कोच्या आसपास ‘पुरुराउका’ नावाच्या शिळा होत्या. चांका टोळ्यांनी शहरावर हल्ला केला तेव्हा या शिळा योद्धे होऊन लढल्या आणि लढाई संपल्यावर पुन्हा शिळा झाल्या, असे पाचाकुती राजाच्या विजयाचे आख्यान सांगत. मग राजाने त्या शोधून काढल्या आणि त्यांना नैवेद्य सुरू केला. गोष्टीचा शेवट महत्त्वाचा. शिळा लढल्या हा चमत्कार झाला. त्यानंतर त्यांचे देणे लागू लागले, ही व्यवस्था झाली. अँडीजमधल्या शेतकऱ्यांत ‘आयनी’ हा शब्द आजही चालतो: आज तू माझ्या शेतावर ये, उद्या मी तुझ्या. माणसामाणसांतला हाच सावड्याचा रिवाज माणूस आणि शिळा यांच्यातही चाले.

वाघोबाची जन्मकथा याच वळणाची आहे. तिचे पाठ अनेक, पण गाभा असा: लग्नाविना एका बाईला मूल झाले. ते मूल वाघाचे रूप घेऊ लागले. वाढत्या वयात त्याने गावाची गुरे मारायला सुरुवात केली. गाव त्याच्या जिवावर उठले तेव्हा आई मध्ये पडली आणि तिने तोडगा काढला. गावाने त्याला राहायला ठाणे द्यावे, वर्षाला त्याचा वाटा द्यावा. त्याने माणसांच्या आणि गुरांच्या वाटेला जाऊ नये. देव आकाशातून अवतरला नाही, स्वयंभू प्रकटलाही नाही. तो वाटाघाटीतून देव झाला. वाटा द्यायचा दिवस वाघबारस, म्हणजे आश्विन वद्य द्वादशी. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासराला ओवाळतो. इथे त्याच दिवशी गाय-वासराला खाणाऱ्याचा मान राखला जातो. पंचांगातली एकच तिथी, गोठ्याच्या आतून आणि गोठ्याच्या बाहेरून पाहिलेली.

२०२१ साली वन्यजीव अभ्यासकांच्या एका गटाने मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतल्या वाघोबाच्या ठाण्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांना सुमारे दीडशे ठाणी आढळली. पट्टेवाला वाघ या भागातून कधीच गेला, आज वावर आहे तो बिबट्याचा. ठाण्याला त्याचे सोयरसुतक नाही, मोठे मांजर ते वाघोबाच. लोकांनी अभ्यासकांना सांगितलेली अट मात्र साधी होती: मान चुकला तर जनावर त्रास देते. बिबट्याला हा करार ठाऊक आहे की नाही, हा प्रश्न विचारून हसणे सोपे आहे. पण कराराचा परिणाम बिबट्यावर नव्हे, गावावर होतो. शेळी गेली की ‘बिबट्या माजला, मारा त्याला’ याऐवजी ‘आपले काय चुकले’ असा प्रश्न आधी निघतो. जंगलात दुसऱ्याचाही हक्क आहे हे यात गृहीतच धरलेले असते. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२चा. तो दंडाची भीती घालतो. दगड शेजाऱ्याची आठवण देतो.

मराठी भाषेने हा देण्याघेण्याचा हिशेब क्रियापदांत जपून ठेवला आहे. नवस बोलतात आणि नवस फेडतात. फेडायचे ते कर्ज. देवाला कौल लावतात, गाऱ्हाणे घालतात, त्याचा मान काढून ठेवतात, मान राहिला तर तो मागून घेतो. तळकोकणात ‘राखण’ या एका शब्दाला दोन अर्थ आहेत: देवाने केलेले रक्षण आणि त्याबद्दल त्याला वर्षाला द्यायचा कोंबडा-नारळ. सेवा आणि मोबदला यांना एकच नाव. भक्तीची भाषा वेगळी असते. तिच्यात शरणागती असते, मागणे नको म्हणणे असते. शिवेवरच्या दगडाशी कोणी अशा भाषेत बोलत नाही. वारकरी संतांनी शेंदरी-हेंदरी देवांवर तोंडसुख घेतले ते यामुळेच. त्यांना हा रोखठोक व्यवहार दिसत होता आणि रुचत नव्हता.

करार आला की भंगाची शिक्षाही आली, आणि ती दोन्ही बाजूंना लागू. पाऊस ओढला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरून पिंडी बुडवायची, मारुतीला कोंडायचे, हे प्रकार महाराष्ट्रात खेडोपाडी झाले आहेत. ‘देव पाण्यात घालून बसणे’ हा वाक्प्रचार आता निवडणुकीच्या निकालाच्या बातम्यांत वापरला जातो. मुळात ती देवाची नाकेबंदी आहे. इंकांचा राजा आताउआल्पा याने याहून टोकाचे केले. उत्तरेकडच्या वामाचुकोच्या डोंगरावर कातेकिल नावाच्या वाकाची मोठी कीर्ती होती. तिने राजाविरुद्ध कौल दिला, तेव्हा राजाने मूर्तीचे डोके उडवले, पुजाऱ्याला मारले आणि डोंगराला आग लावली. निव्वळ प्रतीकावर असा राग कोणी काढत नाही. वैर बरोबरीच्याशी धरले जाते.

आता दगडाच्या दगडपणाकडे. वाघदेव दगडाचाही चालतो आणि लाकडाचाही. सागाची फळी पावसाळ्यांनी कुजते, वाळवी लागते. मग नवी रोवतात. देव तोच राहतो. म्हणजे पावित्र्य पदार्थात नाही. ते दोन गोष्टींत आहे: जागेत आणि वर्षाच्या पाळीत. या दोहोंना जोडणारा दुवा शेंदूर. शेंदूर म्हणजे शिशाचे तांबडे भस्म, तेलात कालवून लावायचे. दर वर्षीचा थर मागच्या थरावर बसतो, आणि पन्नास-शंभर वर्षांत तांदळा मुळापेक्षा दुप्पट दिसू लागतो. ‘देव वाढतो’ असे लोक म्हणतात, आणि एका अर्थी ते खरे आहे: पाळी चुकली नाही याचा तो साठलेला पुरावा असतो. केव्हातरी कवच आपल्या भाराने सुटते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरून २०२२ साली शेकडो किलो शेंदूर उतरवला गेला तेव्हा आतले कोरीव रूप पाहून भाविक चकित झाले. डोळे, दागिने, आयुधे यांची त्यांना ओळख होती ती वेगळ्याच ठेवणीची. वाघदेवाचा शेंदूर खरवडला तर आत कदाचित काहीच निघणार नाही, आणि त्याने कोणाची निराशाही होणार नाही.

जागेचा हट्ट मात्र पक्का असतो. कुस्कोच्या वर ‘थकलेली शिळा’ म्हणून ओळखली जाणारी एक प्रचंड शिळा होती. इंका गार्सिलासो या इतिहासकाराने तिची हकिकत दिली आहे: हजारो माणसे दोर लावून तिला किल्ल्याच्या बांधकामाकडे ओढत होती, वाटेत ती थकली, रक्त रडली आणि उतारावरून घसरताना तिने तीन-चार हजार माणसे चिरडली. पुढे ती हलली नाही. मराठी मुलखात गाडा रुतला आणि देवाने तिथेच राहायचे ठरवले, किंवा भक्ताने मागे वळून पाहिले आणि देव जागीच थांबला, अशा कथा नसलेले क्षेत्र शोधावे लागेल. दोन्हीकडचा आशय एकच: देवाची जागा माणूस ठरवत नाही.

डहाणूची महालक्ष्मी हे याचे घरचे उदाहरण. चारोटीजवळ महामार्गालगत विवळवेढ्याला तिचे मंदिर आहे आणि चैत्र पौर्णिमेपासून पंधरा दिवस यात्रा भरते. पण देवीचे मूळ ठाणे वरच्या मुसळ्या डोंगरावर. गरोदर भक्तिणीला चढण सोसेना म्हणून देवी स्वतः पायथ्याशी आली अशी कथा आहे. देवी खाली आली, ती तिच्या मर्जीने. वरची जागा तरीही सुटलेली नाही: पौर्णिमेच्या मध्यरात्री वाघाडी गावचा, मल्हार कोळी समाजाच्या सातवी घराण्यातला पुजारी अंधारात तो सुळका चढतो आणि टोकावर ध्वज लावतो. ध्वजाचा मान जव्हारच्या मुकणे राजघराण्याचा. खाली मूर्ती, दागिने, पाळणे, सुक्या बोंबलांची आणि मसाल्याची दुकाने. वर नुसता खडक आणि वर्षातून एक माणूस. यात्रेला आलेल्या लाखोंनी डोंगराकडे मान वर करून पाहायचे. माचू पिचूची शिळा आणि मागचा डोंगर यांच्यात जे नाते आहे तेच इथे मंदिर आणि सुळक्यात आहे, फक्त इथले अजून चालू आहे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरात पायी फिरून अशा ठाण्यांचा जो मागोवा घेतला तो १९६२च्या ‘मिथ अँड रिअ‍ॅलिटी’ या ग्रंथात आहे. गावाबाहेर, आडबाजूला असलेल्या मातृदेवतांच्या कित्येक तांदळ्यांजवळ त्यांना अश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे सापडली. त्यांचा निष्कर्ष असा की ही ठाणी गावापेक्षा जुन्या वाटांवर, भटक्या टोळ्यांच्या भेटीच्या जागी आहेत. गावे नंतर आली. कोसंबींचे सगळे तपशील आज जसेच्या तसे स्वीकारले जात नाहीत. पण देव आडबाजूला का, या प्रश्नाचे ‘कारण आडबाजू ही गावाची आहे, देवाची नव्हे’ हे उत्तर अजून कोणी खोडलेले नाही.

जागेच्या या हट्टाला अपवाद आहेत आणि ते बोलके आहेत. इंका राज्याने वाकांना हलवले. जिंकलेल्या प्रांताची मुख्य वाका कुस्कोला आणून ठेवत. प्रांताने बंड केले की तिला चौकात फटके मारत. म्हणजे ओलीसच. कुस्कोजवळच्या खाणीतले चारशेहून अधिक घडीव चिरे सोळाशे किलोमीटर दूर, आजच्या इक्वेडोरमधल्या सारागुरोपर्यंत वाहून नेल्याचे दगडांच्या रासायनिक तपासणीतून सिद्ध झाले आहे. तिकडे दगडांचा तुटवडा नव्हता. राजधानीचाच दगड हवा होता. इकडे गोव्यात सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला घेतली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा भक्तांनी नदीपलीकडे, आजच्या फोंडा तालुक्यात नेली. मंगेश म्हणजे लिंगच, तेही हलले. पण हलवले कोणी? जिथे मागे राज्य होते, महाजन होते, पुजारी आणि पैसा होता, तिथे दगड प्रवास करू शकला. शिवेवरच्या राखणदाराला नेणार कोण, आणि नेऊन ठेवणार कुठल्या शिवेवर? त्याचे कामच मुळी तिथले. गावकरी गेले तरी तो मागे राहिला, आणि पुष्कळ ठिकाणी बाप्तिस्मा घेतलेल्यांनीही त्याला गुपचूप मेणबत्ती लावली.

१५८०मध्ये स्पेनच्या दुसऱ्या फिलिपला पोर्तुगालचेही सिंहासन मिळाले आणि पुढची साठ वर्षे दोन्ही साम्राज्ये एका मुकुटाखाली राहिली. कुस्कोच्या शिळा आणि वसईपासून डहाणूपर्यंतचा किनारा यांचा धनी काही काळ एकच राजा होता, ही गोष्ट दोन्हीकडच्या इतिहासात क्वचित नोंदली जाते. डहाणूकडचा पोर्तुगीज अंमल १७३९च्या मराठ्यांच्या मोहिमेत संपला; डोंगरातल्या पाड्यांपर्यंत तो फारसा पोचलाच नव्हता. पेरूत मात्र ‘मूर्तिभंजना’ची रीतसर मोहीम चालली. १५७०मध्ये ऑगस्टिनियन पाद्र्यांनी विल्काबांबाच्या रानातल्या ‘युराक रुमी’, म्हणजे पांढऱ्या शिळेचे ठाणे जाळले. १६२१मध्ये पाब्लो होसे दे आरियागा याने वाका कशा शोधाव्यात, कबुली कशी घ्यावी, याचे हस्तपुस्तकच छापले. त्यांच्यापुढची अडचण त्यांच्याच लिखाणातून दिसते. मूर्ती जाळता येते. डोंगराचे काय करायचे? शिळा फोडली तर लोक तुकडे जपत, तुकडे नदीत टाकले तर नदीला नमस्कार करत. ‘मूर्तिपूजा’ हा शब्दच चुकीचा होता. जिथे मूर्ती नव्हती तिथे भंजन तरी कशाचे करणार?

त्याआधीच, १५६०च्या दशकात, वाकांच्या या झगड्याला एक विलक्षण वळण लागले होते. ‘ताकी ओन्कोय’, म्हणजे नाचाचा आजार, या नावाने एक चळवळ आयाकुचोच्या भागात पसरली. वाका पुन्हा उठल्या आहेत, पण आता त्या दगडांत नव्हे तर माणसांच्या अंगात शिरत आहेत, असे तिचे अनुयायी सांगत. थरथरत, नाचत ते वाकांच्या वतीने बोलत. दगड फुटला तरी करारातली दुसरी बाजू बोलतीच राहिली. वारली पाड्यावर याचे आश्चर्य वाटणार नाही. सूप पुढ्यात घेऊन तांदळाचे दाणे पाहणारा भगत, वाद्याच्या ठेक्यावर त्याच्या अंगात येणारे वारे, मग त्याच्या तोंडून देवाने मागितलेला मान, हे सगळे दगडाला वाचा देण्याचेच उपाय आहेत. दगड बोलत नाही. करार बोलल्याशिवाय चालत नाही. म्हणून भगत लागतो.

आणि भगत आला की या व्यवस्थेची काळी बाजूही येते. पीक गेले, मूल दगावले, जनावर पडले, आणि दगडाचा मान तर चुकलेला नाही; मग दोष कोणाचा? उत्तर अनेकदा एखाद्या एकट्या विधवेच्या दारात जाऊन थांबले आहे, तिला भुताळी ठरवून मारहाण झाली आहे. महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला तो अशा घटनांच्या पार्श्वभूमीवरच. अँडीजमध्ये देण्याचा हिशेब याहून भयंकर होता. १९९९मध्ये युयायाको शिखरावर, ६,७०० मीटरहून जास्त उंचीवर, इंकाकाळात डोंगराला अर्पण केलेल्या तीन मुलांची गोठून टिकलेली शरीरे सापडली. दगडांच्या धर्माला पर्यावरणाचे काव्य म्हणून सजवणाऱ्यांनी ती मुले नजरेआड करू नयेत. करार न्याय्यच असतो असे नाही. बळी कोणाचा हे ठरवणारे गावातलेच असतात.

आजच्या पाड्यावर वाघदेव बदलतो आहे. बऱ्याच ठिकाणी चौथऱ्याला लादी बसली, वर पत्रे आले, दगडाच्या मागे सिमेंटचा रंगवलेला वाघ उभा राहिला, जीभ लाल आणि मिशा तारेच्या. जुन्या वळणाच्या अभ्यासकांना हे खटकते. पण जो देव फळी बदलूनही तोच राहिला त्याला सिमेंटचे वावडे असायचे कारण नाही. वर्षाचा कोंबडा चालू आहे तोवर ठाणे जिवंत आहे. खरा धोका लादीचा नाही, ठाण्याच्या पायाखालच्या जमिनीचा आहे. मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन या दोन्ही मार्गिका डहाणू-तलासरीतून जातात. भूसंपादनात घर मोजतात, विहीर मोजतात, आंबा, ताड, साग यांची झाडे मोजतात. २०१३च्या भूसंपादन कायद्यात पुनर्वसन वसाहतीत पूजास्थळाची सोय करायची तरतूद आहे. ती चांगल्या हेतूने केलेली आहे आणि तिच्यामागची कल्पना देवळाची आहे: चार भिंती दुसरीकडे बांधून देता येतात. शीव बांधून देता येत नाही. नव्या वसाहतीच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलेला वाघदेव कोणत्या जंगलाकडे तोंड करून बसणार आणि कोणत्या जनावराला थोपवणार?

कायद्याच्या पुस्तकात या प्रश्नाला जागा आहे, फक्त ती वेगळ्या पानावर. ओडिशातल्या नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा १८ एप्रिल २०१३च्या निकालाने डोंगरावरच्या धार्मिक हक्काचा प्रश्न ग्रामसभांवर सोपवला, आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. डोंगर हाच देव आहे, त्यावर देऊळ नाही, हे तिथे अडचणीचे ठरले नाही. डहाणू-तलासरी पाचव्या अनुसूचीत येतात, १९९६चा पेसा कायदा इथे लागू आहे आणि आपल्या रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार तो ग्रामसभेला देतो. वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांत, तेराव्या नियमाखाली, दाव्याला चालणाऱ्या पुराव्यांची यादी आहे. तिच्यात सरकारी कागदपत्रांबरोबर जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र झाडे आणि पवित्र स्थाने यांचा उल्लेख आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचे थर चढलेला शिवेवरचा दगड हा सातबाऱ्याशेजारी ठेवता येण्याजोगा पुरावा आहे. त्यासाठी वनहक्क समितीने जागेवर जाऊन त्याची नोंद करायची असते, आणि समितीला तिथवर घेऊन जाणारा माणूस बहुतेक वेळा तोच असतो ज्याच्या घराण्याकडे वाघबारशीचा मान आहे.